आत्याचा कुकुडकुंभा

आत्याला कुणी आनंदाची बातमी सांगितली की ती पहिल्यांदा एकच विचारायची, "भरतीचं का ओहोटीचं?"

शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारी सुमन एकदा धावत आली, बहिणीचं लग्न ठरलं म्हणून. हातात पेढा, तोंडाला फेस. आत्यानं पेढा घेतला, डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "पावणे पसंती सांगून गेले तवा खाडीचं पाणी भरतीचं व्हतं का ओहोटीचं?" सुमन गोंधळली. "मला काय माहीत गो आत्या? मी सरबत करत होते." "मग पेढे वाटायची एवढी घाई कशाला केलीस?" असं म्हणून आत्यानं पेढा मात्र खाल्ला.

पोस्टमन कुणी पास झाल्याची बातमी सांगू दे, दूधवाला म्हैस व्याल्याचं सांगू दे, आत्याचा प्रश्न ठरलेला. आळीतल्या लोकांनी तो अंगवळणी पाडून घेतला होता. काही जण तर आधीच सांगून टाकायचे, "आत्या, मुलाला कंपनीत घेतलं, ओहोटीचं पाणी होतं हो!" मग तिचा चेहरा खुलायचा. भरतीचं म्हटलं की ती मान हलवायची आणि म्हणायची, "थांब जरा. नाचू नको."

मला आधी वाटलं, बाईचं डोकं थोडं सरकलेलं आहे. पुढं वाटलं, खाडीकाठच्या माणसांचा काही तरी शकुन असेल. खरं काय ते कळायला दोन वर्षं लागली, आणि कळलं ते मी तिची चोरी करताना पकडली गेले तेव्हा.

मी मूळची रोह्याची. माहेर रोह्याचं, सासर रोह्याचं, नवराही तिथंच कंपनीत शिफ्टमध्ये. बदली झाली ती मात्र पेणला, प्राथमिक शाळेत. पनवेल-रोहा गाडी तेव्हा नुकती सुरू झालेली आणि तिच्या वेळा नि शाळेच्या वेळा यांचं हाडवैर. शेवटी चार वर्षांच्या लेकीला, वैजूला, कडेवर घेऊन मी पेणमध्ये खोली शोधत निघाले. कुणीतरी म्हणालं, गावाबाहेर खाडीच्या अंगाला एक आत्या राहते, एकटीच आहे, मागची खोली देते, पण बाई विचित्र आहे हं.

खोली दाखवायच्या आधी तिनं मला तीन प्रश्न विचारले.

"कोयता हाय का तुज्याकडं?"

"नाही."

"मांजर?"

"नाही हो."

"नवऱ्याला गलोल मारायची खोड?"

मला हसूच फुटलं. "नवरा रोह्याला असतो. त्याला झोपायला वेळ मिळत नाही, गलोल कुठली!"

"मग ऱ्हा," आत्या म्हणाली. झाला आमचा करार.

या तिन्ही प्रश्नांचं मूळ घराच्या मागं होतं. परसाच्या टोकाला खाडीचा बांध, आणि बांधाला लागून केवड्याचं दाट बन. आत माणूस शिरला तर सोलूनच बाहेर यायचा. त्या बनात एक जोडपं राहायचं. पुस्तकात त्याला भारद्वाज म्हणतात. आत्या म्हणायची कुकुडकुंभा. कधी नुसतं "तो" आणि "ती". नवीन माणसाला वाटावं, म्हातारी दीर-जावेबद्दल बोलते आहे. "तो आज उशिरा आला गो." "तिचं मन नाय लागत हल्ली."

मी तोवर भारद्वाज पाहिलाच नव्हता असं नाही. पण बघणं आणि आत्यानं दाखवणं यात फरक होता. सकाळी ऊन बांधावर आलं की ती मला हाताला धरून मागच्या दारात उभी करायची. "हलू नको. श्वास पण हळू घे." मग केवड्यातून तो निघायचा, उडत नाही, चालत. डोमकावळ्याएवढा, अंग काळं, त्या काळ्यावर निळसर झाक. पंख मात्र घासून लख्ख केलेल्या तांब्याच्या घंगाळासारखे. शेपूट लांब नि जड, ती मागं ओढत न्यायची म्हणजे त्याला कामच. आणि डोळे! लाल, अगदी गुंजेसारखे लाल. बांधावर येऊन तो पंख पसरायचा आणि पाठ उन्हाला देऊन तसाच उभा राहायचा, रात्रभर दवानं भिजलेलं अंग वाळवत. आत्या पुटपुटायची, "घाल रं वाळत. दमानं घाल."

आवाज तर असा, की हा पक्ष्याचा आहे हे वैजूला मुळीच पटेना. रिकाम्या हंड्यात तोंड घालून कुणी हूप हूप हूप करावं, तसा. एकानं सुरू केलं की बनाच्या दुसऱ्या टोकाकडून दुसरा साथ द्यायचा, जरा वरच्या सुरात. आत्या भांडी घासता घासता हात थांबवून ऐकायची आणि मला समजावून सांगायची, "तो इचारतोय, जेवलीस का. ती सांगतेय, तुज्या जिवावर बसले असते तर उपाशी मेले असते." मला नवऱ्याशी फोनवर होणाऱ्या आमच्या बोलण्याची आठवण व्हायची.

आत्या स्वतः बुटकी, काळीसावळी. काष्टा घट्ट, कपाळ मोकळं. चालायची ती मान पुढं काढून, पाय दाबत, जणू चिखलातूनच चालते आहे. सगळं आयुष्य मिठागरांच्या बांधांवर गेलेलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही असं आळी सांगायची. गावातली जागा दिराला देऊन ती पेणला आली आणि कडवे वाल भिजवून, मोड आणून, सोलून बाजारात विकायची. तिच्या नखांना वालाचा वास कायमचा होता. वाल सोलताना सालं बनाकडं फेकायची आणि म्हणायची, गोगलगायी येतील, त्याला खायला होतील. परसात गोगलगाय दिसली तर तिला चपलेनं बाजूला करायचीही मला परवानगी नव्हती. "त्याचा डबा हाय तो, बाई."

भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, अशी आपल्याकडं समजूत. त्यामुळं परीक्षा आली की आळीतली पोरं सकाळी सकाळी आत्याच्या परसात हजर. कुणी मुलाखतीला निघालेला, कुणी मुलगी बघायला निघालेला, सगळे केवड्याकडं टक लावून उभे. आत्या खराटा घेऊन यायची. "दिसला ना? आता पळा! तुम्हाला तो दिसला, तुमचा दिवस चांगला. आणि त्याला सकाळच्या पारी तुमची थोबाडं दिसली, त्याचा दिवस कसा जायचा?"

एकदा मी मोठी चूक केली. शाळेच्या पुस्तकपेटीत पक्ष्यांचं एक पुस्तक आलं होतं. त्यात लिहिलेलं, हा पक्षी कोकिळेच्या कुळातला. मला वाटलं, आत्याला ऐकून मौज वाटेल. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. आत्याचे हात वालाच्या टोपल्यातच थांबले.

"कोणाच्या कुळातला?"

"कोकिळेच्या."

"ती उंडगी? दुसऱ्याच्या घरात पोर टाकून आंब्यावर गात बसते, ती? तिचा नि माज्या कुकुडकुंभाचा काय संबंध?"

"पुस्तकात आहे आत्या."

"मग पुस्तक खोटं."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बिरड्याची वाटी घेऊन दारात उभी. मनातल्या मनात बरंच भांडून झालं असावं. म्हणाली, "असंल. एका कुळात दोन तऱ्हेची माणसं असतात. कोकिळेला गळा दिला, ह्याला घर दिलं. गाता नाय येत त्याला, पण पोरं स्वतःची स्वतः वाढवतो. आणि बाप बसतो अंड्यांवर, आई नाय. लिहिलंय का तुज्या पुस्तकात?" मी पाहिलं. घरटं बांधणं आणि अंडी उबवणं यात नराचाच वाटा मोठा, असं लिहिलेलं होतं. वाचून दाखवल्यावर आत्यानं पुस्तकाला माफ केलं.

वैजूला ताप आला तो सहाव्या वर्षी, उन्हाळ्याच्या शेवटी. साधा ताप, सर्दी, चार दिवसांत उतरला. पाचव्या दिवशी ती चटईवरून उठायला गेली आणि पाय तिचे ऐकेनात. आधी आम्हाला वाटलं, अशक्तपणा. दुसऱ्या दिवशी उभी केली तर कापडी बाहुलीसारखी खाली बसली. मी तिला मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेलं. तीन आठवडे तिथं काढले. नवऱ्यानं रजा टाकल्या, संपल्या, बिनपगारी टाकल्या. डॉक्टर सज्जन. म्हणाले, पोलिओ नाही, नसांना सूज आहे, पुष्कळ मुलं यातून उठतात. पण किती दिवसांत आणि कितपत, ते आज सांगता येणार नाही. रोज मालिश, रोज व्यायाम, आणि दर पंधरा दिवसांनी दाखवायला आणा.

आणलं की. जून, जुलै, ऑगस्ट. प्रत्येक वेळी एसटीत पोर मांडीवर, आणि प्रत्येक वेळी तेच, "व्यायाम करा, वेळ लागेल." वैजू उभीसुद्धा राहत नव्हती. शेजारची मुलं बांधावर पळायची, ती मागच्या दारात उशीला टेकून बघत बसायची. रडायची नाही, हीच मला धास्ती. रडली असती तर मीही रडून घेतलं असतं. पोर आयुष्यभर अशीच बसून राहणार, हे मी कुणाशी बोलत नव्हते, पण माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

तेव्हा माझ्या सासूबाई रोह्याहून मदतीला आल्या. त्यांचं माहेर आत, डोंगराकडचं. बाई देवमाणूस, नातीसाठी जीव टाकणारी. त्यांनी केवड्याच्या बनातला हूप हूप ऐकला आणि त्यांचे डोळे चमकले. आत्या ऐकत नाही असं बघून माझ्या कानाशी आल्या.

"अगो, ह्याच्या घरट्यात संजीवनीची काडी असते. आमच्याकडं सगळ्यांना माहीत. घरटं आख्खं काढायचं, वाहत्या पाण्यात सोडायचं. बाकीच्या काड्या पाण्याबरोबर खाली जातात. एक काडी उलटी, पाण्याच्या वर चढते. ती धरायची नि उगाळून द्यायची."

आता मी कोण? चौथीच्या वर्गाला विज्ञान शिकवणारी. लिंबू-मिरचीनं काही होत नाही, मांजर आडवं गेल्यानं काही होत नाही, हे फळ्यावर लिहून देणारी. सासूबाईंना हसून उडवून लावायला हवं होतं. मी विचारलं, "काडी केवढी असते?"

तो रविवार होता. आत्या वाल घेऊन बाजारात गेली होती. सासूबाई वैजूपाशी. दुपारच्या उन्हात मी एक गोणपाट नि छत्रीचा दांडा घेऊन केवड्यात शिरले. श्रावण सरत आलेला, घरट्यात पिल्लं आहेत हे मला ठाऊक होतं. आत्यानंच तर सांगितलं होतं, आनंदानं, "तीन हायत!" मी मनाला समजावलं, पिल्लं बाजूला ठेवू, काय होतं. केवड्याच्या काट्यांनी कोपरापर्यंत हात फाडले. बऱ्याच आत, छातीएवढ्या उंचीवर ते दिसलं. शाळेतल्या फुटबॉलपेक्षा मोठा, पात्यांचा नि काड्यांचा गोळा, बाजूला तोंड. मी हात घातला.

आतून साप फुसकारावा तसा आवाज आला. मी दचकले, तरी हात काढला नाही. तीन पिल्लं. काळी कातडी आणि तिच्यावर पांढरे केस उभे, जन्मतःच म्हातारी झालेली. इतकी कुरूप बाळं मी पाहिली नव्हती. मी घरट्याची एक बाजू उचकटली आणि तेवढ्यात त्यांनी माझ्या हातावर काळंशार, पातळ काही तरी सोडलं. त्या घाणीचा वास सांगण्यासारखा नाही. मला उलटीच आली. तरी मी दुसरी बाजू धरली.

"काढलंस?"

मागं आत्या उभी होती. डोक्यावर रिकामी टोपली. ओरडली नाही, हेच वाईट.

"नाही अजून," मी म्हटलं.

"मग थांब. पयलं ये हिकडं. पाणी बघ."

तिनं माझं मनगट धरलं, त्या घाणीसकट, आणि मला ओढत बांधावर नेलं. खाडी भरत होती. दोन वर्षं मी तिच्या काठाला राहिले, पण पाण्याकडं कधी धड पाहिलंच नव्हतं. माझी नदी म्हणजे रोह्याची कुंडलिका, आमच्या घाटापाशी बारा महिने एकाच दिशेनं जाणारी. खाडी म्हणजे चिखल नि डास, एवढंच माझं ज्ञान.

"काय चाललंय पाण्यात?" आत्यानं विचारलं.

एक नारळाची करवंटी. झेंडूची शिळी माळ. एक रबरी चप्पल. सगळं समुद्राकडून पेणकडं, वरच्या अंगाला, डौलात चाललेलं.

"उलटी चाललीय ना चप्पल?" आत्या म्हणाली. "काढ. उगाळ. दे पोरीला."

मी तिथंच बांधावर बसले. आत्याही बसली. टोपली बाजूला ठेवली. मग तिनं मला सांगितलं, खाडीकडं बघत, कुणा तिऱ्हाइताची गोष्ट सांगावी तशी.

तिचं माहेर गागोद्याकडचं, डोंगराच्या पायथ्याचं, भाताचं नि वालाचं. तिथला ओढा वरून खाली येतो, बस्स. लग्न होऊन ती खाडीतल्या गावात आली, मिठागरवाल्यांच्या घरात. पहिला मुलगा झाला. तीन वर्षांचा असताना त्याला ताप भरला, उतरेना. नवरा मिठागरावर. सासू म्हणाली, भरतीबरोबर होडी पेणला जाते, पोराला घेऊन बस, डाक्तरला दाखव. आत्याला तिच्या आजीनं सांगितलेली काडी माहीत होती. होडी सुटायला अवकाश होता. तेवढ्यात तिनं बांधावरच्या झाडीतून कुकुडकुंभाचं घरटं काढलं आणि पाण्यात सोडलं.

"एक काडी नाय, बाई. आख्खं घरटं वर चाललं. पानं, काड्या, पिसं, सगळं. मी खुळ्यासारखी हसले. मला वाटलं, देवानं घरटंच्या घरटं संजीवनीचं दिलं. सासूला म्हटलं, आता डाक्तर कशाला? आणि उगाळत बसले."

"आणि होडी?"

"गेली. त्याच पाण्यावर गेली. पाणी मला सांगत व्हतं, वर जा, पेणला जा, पोराला घेऊन जा. मी काडी बघत बसले."

पुढचं तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मुलाचं नावही तिनं घेतलं नाही. फक्त एवढं म्हणाली, की दुसऱ्या दिवसापासून ते जोडपं तिच्या घराच्या मागं आठ दिवस हूप हूप करत फिरत होतं, आणि तीही फिरत होती, दोघांच्या मागं.

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. हाताला ती घाण, कोपराला रक्त, आणि मी चौथीची विज्ञानाची बाई. आत्यानं पदरानं माझा हात पुसला. केवड्याच्या शेंड्यावर नर येऊन बसला होता, चोचीत सरडा, आणि आम्ही उठायची वाट बघत होता.

"घरटं?" मी विचारलं.

"तो करील डागडुजी. उद्या कुठं जायचं व्हतं तुला?"

सोमवारी दवाखान्याची तारीख होती. मी यावेळी जाणारच नव्हते. तेच ते ऐकायला एवढं कशाला जायचं, असं नवऱ्याला कळवूनही टाकलं होतं. आत्याला मी ते सांगितलं.

"यष्टी कितीची?"

"सहाची."

"मी येते."

जोडपं घरट्यावर असलं की आत्या बाजारापलीकडं पाय टाकत नसे. सख्ख्या भावाच्या मुलीच्या लग्नालाही ती त्यामुळं गेली नव्हती. मी म्हटलं, "आणि पिल्लं?"

"त्यांना बाप हाय," आत्या म्हणाली. "हिचा बाप शिफ्टला."

दवाखान्यात डॉक्टरांनी वैजूचा पाय दाबला, हातोडीनं ठोकून पाहिला आणि म्हणाले, "छान, थोडी सुधारणा वाटते." आत्या पुढं सरकली. "भरतीची का ओहोटीची?" मला भुई फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी कसंबसं समजावलं, की म्हणजे, खरी तिच्या पायाची ताकद, की नुसता भास? डॉक्टर थांबले. चष्मा काढून म्हणाले, "आजी, अजून सांगता येत नाही." आत्यानं समाधानानं मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाली, "हा डाक्तर खरा हाय. हा सांगंल तसंच करायचं."

आणि केलं. रोज सकाळी तिळाचं तेल कोमट करून मालिश, मग डॉक्टरांनी दाखवलेले व्यायाम, एकही न चुकवता. मी शाळेत असताना आत्या करायची. सासूबाई तिच्या हाताखाली. दोघींची आधी जुंपायची, मग गट्टी झाली. भाद्रपदात पिल्लं घरट्याबाहेर पडली. त्यांना उडता येत नव्हतं, काट्यांतून धडपडत, गडगडत, फांदीवरून फांदीवर पडत चालायची. एकाचा तोल सारखा जायचा. वैजूनं त्याचं नाव ठेवलं धडपड्या. आत्या तिला बांधाशी घेऊन बसायची.

"बघ, त्याला पण नाय येत."

"तो पक्षी आहे आत्या. तो उडेल."

"उडतो कुठं गो धड? जल्मभर चालतोच तो. त्याचे पाय घट्ट व्हायला लागलेत, तुजे कधी व्हतील?"

वैजूला राग यायचा. रागानं ती पाय ताणायची. गणपती गेले तेव्हा ती दाराची चौकट धरून उभी राहिली. दिवाळीला आत्याचा हात धरून न्हाणीपर्यंत आली. मी पेढे आणायला निघाले तर आत्या म्हणाली, "माजा हात धरलेला व्हता. थांब जरा. नाचू नको."

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. केवड्याचं बन राहिलं नाही, तिथं भिंत आली. कुठं भारद्वाज दिसला की लोक म्हणतात, दिवस चांगला जाणार. माझ्या मनात मात्र पौषातली ती संध्याकाळ येते.

मी शाळेतून येत होते. बांधावर आत्या उभी, आणि तिच्यापुढं पाच-सहा हातांवर वैजू. एकटी. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, सकाळी तो ऊन खायला पसरायचा तसे. एक पाऊल. दुसरं. वैजू पेणच्या दिशेनं, वरच्या अंगाला चालली होती. आत्या तिच्याकडं बघतच नव्हती. ती पाण्याकडं बघत होती. मी जवळ गेले तेव्हा तिनं माझा दंड धरला, इतका घट्ट की वळ उठले.

"बघ गो बाई," ती म्हणाली. "ओहोटी हाय."

मी पाहिलं. पाणी खाली, समुद्राकडं चाललं होतं. काठाचा चिखल उघडा पडत होता. सगळा कचरा, सगळी पानं खाली चालली होती, आणि माझी पोर वर.

वैजूचा पाय घसरला, तोल गेला, पुन्हा सावरला. आत्या एकदम पुढं झाली नि ओरडली, "सावकास रं दामू!"

त्या रविवारी याच बांधावर तिनं न घेतलेलं नाव होतं ते. माझी वैजू तशी फटकळ. नाव चुकलं की ती फणकारायची, गुरुजींनासुद्धा सोडायची नाही. तिनं मागं वळून पाहिलं. आत्याच्या तोंडाकडं बघत ती क्षणभर उभी राहिली, स्वतःच्याच पायांवर.

मग म्हणाली, "व्हय आत्या, सावकास जातो."